हंगेरीचा पवित्र मुकुट: मुळात कोणाचा, आणि राजा नसलेल्या देशाच्या घटनेत त्याचं काम काय?

दप्तरखाना

हंगेरीच्या २०११ च्या मूलभूत कायद्याच्या, म्हणजे घटनेच्या, प्रास्ताविकात पवित्र मुकुटाचा सन्मान केला आहे. राज्याचं घटनात्मक सातत्य आणि राष्ट्राची एकता या मुकुटात मूर्त झाली आहे, असं तिथे म्हटलंय. त्याच कायद्याचं कलम 'ब' सांगतं की हंगेरी प्रजासत्ताक आहे आणि सत्तेचा उगम जनता आहे. शेवटचा राजा १९१८ मध्ये कारभारातून बाजूला झाला, १९४६ पासून राजेशाही कागदावरही उरली नाही. मुकुट मात्र बुडापेस्टच्या संसद भवनात घुमटाखाली काचेत आहे, बाजूला तलवारधारी पहारा.

चर्चेसाठी दोन प्रश्न:

१. हा मुकुट पहिला राजा संत इश्तवान याचा, असं शाळेत शिकवतात. वस्तूकडे पाहून हे टिकतं का?

२. 'मुकुट म्हणजेच राज्य' ही कल्पना कुठून आली आणि आज तिला कायद्याच्या भाषेत काही अर्थ आहे का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. मुकुट इश्तवानचा नाही. तरी त्याने काही बिघडत नाही, कारण त्याला वजन आलं ते चोरी, गहाण आणि खटपटीतून.

सोनारआळी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुकुटावरच लिहिलेलं आहे, तेही दोन लिप्यांत.

खालची गोल पट्टी बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या पूर्व रोमन साम्राज्यातली. तिच्यावर तारेचा मिना आहे, म्हणजे सोन्याच्या बारीक तारा उभ्या करून घरं पाडायची आणि त्यांत मिना भरून भाजायचा. अक्षरं ग्रीक. समोर वरच्या बाजूला येशू, कडेने देवदूत मिखाईल आणि गॅब्रिएल, संत जॉर्ज, दिमित्रिओस, कोस्मास, दामियान. मागच्या बाजूला वर सम्राट मिखाईल सातवा दुकास (राज्यकाल १०७१ ते १०७८), त्याच्या खाली एकीकडे सहसम्राट कॉन्स्टंटाइन आणि दुसरीकडे हंगेरीचा राजा गेझा पहिला (१०७४ ते १०७७). म्हणजे ही पट्टी १०७० च्या दशकातली, आणि इश्तवान वारला १०३८ मध्ये. विषय इथेच संपतो.

वरच्या आडव्या-उभ्या पट्ट्या निराळ्या. अक्षरं लॅटिन, मिन्याची धाटणी वेगळी. चार पट्ट्यांवर प्रत्येकी दोन असे आठ प्रेषित. माथ्यावर ७.२ सेंमीचा चौकोनी फलक, त्यावर पुन्हा येशू.

आता माप. व्यास एका बाजूने २०३.९ मिमी आणि दुसऱ्या बाजूने २१५.९ मिमी, म्हणजे घेर साधारण ६६ सेंमी. माणसाचं डोकं ५६-५८ सेंमीचं. वजन २०५६ ग्रॅम. आत गादी भरल्याशिवाय हा कुणाच्याही डोक्यावर बसत नाही.

खट्याळ_बगळा

दोन किलो सोनं डोक्यावर आणि वर तो क्रॉस तिरका. ज्याने बसवला त्याने गुरुत्वमध्य बघितला नव्हता वाटतं.

सोनारआळी

@खट्याळ_बगळा, बसवला तेव्हा सरळच होता. बहुधा सतराव्या शतकात तो वाकला. मुकुट नीट न ठेवता पेटीचं झाकण दाबून लावलं, असं मानलं जातं. पण खरी हळहळ वाटते ती क्रॉस बसवण्याच्या पद्धतीची. माथ्यावरच्या येशूच्या चित्राला बरोबर पोटावर भोक पाडून त्यातून क्रॉसचा दांडा खाली घेतलाय. मिना म्हणजे काचच. तयार मिन्याला भोक पाडणारा कारागीर एकतर अनाडी असतो किंवा घाईत.

मागच्या मिखाईल दुकासच्या फलकाचंही तसंच. बाकीचे फलक कोंदणात बसलेत, हा मात्र खिळ्यांनी ठोकलेला आहे.

शंकेखोर

मग पोपने पाठवलेला मुकुट गेला कुठे? पोप सिल्व्हेस्टर दुसरा याने इ.स. १००० च्या सुमारास इश्तवानला मुकुट दिला, असंच सगळीकडे वाचायला मिळतं.

दप्तरखाना

ती कथा बिशप हार्टविकने लिहिलेल्या इश्तवानच्या चरित्रातली. ते बाराव्या शतकाच्या सुरुवातीचं, राजा कालमानच्या काळातलं, म्हणजे प्रसंगानंतर शंभर वर्षांनी. त्याआधीचा लेखक मेर्झेबुर्गचा थिटमार. तो म्हणतो की सम्राट ओटो तिसरा याच्या कृपेने आणि सांगण्यावरून इश्तवानला मुकुट आणि आशीर्वाद मिळाला. फरक बारीक दिसतो, पण भांडणाचं मूळ त्यातच आहे. मुकुट सम्राटाकडून आला तर हंगेरी त्याचं मांडलिक, पोपकडून आला तर नाही.

इश्तवानच्या मुकुटाचं म्हणाल तर १०४४ मध्ये मेन्फोच्या लढाईत सम्राट हेन्री तिसरा याने शामुएल आबाला हरवलं आणि हाती लागलेला भाला आणि मुकुट रोमला धाडला. पोप ग्रेगरी सातवा याने १०७४ च्या पत्रात त्याचा दाखला दिलाय. मूळ मुकुट तोच असेल तर तो तेव्हाच देशाबाहेर गेला.

चिंचगूळ

गेझाच्या फलकाबद्दल कुणी बोललंच नाही. त्याच्यावर ग्रीकमध्ये 'गेओवित्झास, तूर्कियाचा विश्वासू क्राल' असं लिहिलंय. क्राल म्हणजे राजा. तूर्किया म्हणजे हंगेरी. बायझंटाइन लोक मग्यारांना तुर्क म्हणत. सम्राट आणि कॉन्स्टंटाइन यांच्या डोक्यामागे प्रभावळ आहे, गेझाच्या मागे नाही. त्या दोघांची नावं लाल मिन्यात, गेझाचं निळ्यात. गेझाची नजरही सम्राटाकडे वळलेली. कुणाची पायरी कुठली हे रंगातच सांगून टाकलंय.

आणि गंमत बघा, ज्या मुकुटाला नंतर हंगेरीच्या स्वातंत्र्याची खूण मानलं गेलं, त्याच्या मागच्या बाजूला त्यांचाच राजा 'विश्वासू' म्हणून खालच्या पायरीवर उभा आहे.

माजघर

यात आणखी एक शक्यता. वरच्या कडेला त्रिकोणी आणि कमानदार कंगोरे असलेला उघडा मुकुट ही बायझंटाइन दरबारात बायकांच्या मुकुटाची घडण. त्यामुळे तो गेझाच्या बायझंटाइन बायकोसाठी आला असावा असं काही अभ्यासक मानतात. वरच्या पट्ट्या जोडून तो 'राजाचा' पुढे झाला.

सोनारआळी

@माजघर, पटण्यासारखं आहे. पट्ट्याही मुळात मुकुटासाठी घडवलेल्या नसाव्यात. प्रेषित बारा, इथे आठच. एखाद्या ग्रंथाच्या वेष्टनावरून किंवा अवशेषपेटीवरून (संतांचे अवशेष ठेवायची पेटी) कापून आणल्या असाव्यात असा तर्क आहे. जोडणी कधीची यावर एकमत नाही. बाराव्या शतकाचा शेवट, राजा बेला तिसऱ्याच्या आसपास, हे एक बऱ्यापैकी मान्य मत.

तुळशीवृंदावन

थोडा विरोध. हंगेरीतल्याच काही सोनारांनी जवळून तपासणी करून म्हटलंय की मुकुट एकाच आराखड्याचा आहे, दोन तुकडे जोडलेला नाही. मापांची प्रमाणं जुळतात म्हणे. ते इतकं सहज झटकून टाकता येईल?

सोनारआळी

झटकत नाही, पण प्रमाणं जुळणं हा कमकुवत पुरावा. जुनी कडी घेऊन तिच्यावर कमानी बसवायच्या तर कारागीर मापं जुळवूनच बसवणार. एकाच हातचं काम असेल तर खाली ग्रीक आणि वर लॅटिन का, मिन्याचे रंग आणि चेहरे वेगळे का, आणि माथ्याच्या चित्राला भोक का, याची उत्तरं द्यावी लागतात. आधीपासून क्रॉस ठरलेला असता तर कुणीही त्याच्यासाठी जागा सोडूनच चित्र काढलं असतं.

अर्धावकील

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. 'मुकुट म्हणजे राज्य' हे एका दिवसात झालं नाही. तीन टप्पे बघा.

पहिला १३०१ ते १३१०. इश्तवानचं आर्पाद घराणं संपलं आणि गादीसाठी ओढाताण सुरू झाली. आंजू घराण्याच्या कारोय रोबेर्तचा तीनदा राज्याभिषेक झाला: १३०१, १३०९ आणि २७ ऑगस्ट १३१०. पहिले दोन लोकांनी मानले नाहीत, कारण डोक्यावर 'तो' मुकुट नव्हता. तो बोहेमियाच्या व्हेन्सेलने प्रागला नेला होता, तिथून बव्हेरियाच्या ओटोकडे आला आणि मग ट्रान्सिल्व्हेनियाचा सरदार लास्लो कान याने अडकवून ठेवला. यातून नियम पक्का झाला: मुकुट पवित्र मुकुटच हवा, जागा सेकेशफेहेरवार, आणि हात एस्तेरगोमच्या आर्चबिशपचा. तिन्हीतलं एक चुकलं तर अभिषेक कच्चा.

दुसरा टप्पा १४४०. राजा आल्बर्ट वारला तेव्हा राणी एलिझाबेथ गरोदर होती. सरदारांना पोलंडचा व्लादिस्लाव हवा होता. राणीची सेविका हेलेने कोटानर हिने २० फेब्रुवारीला व्हिशेग्रादच्या किल्ल्यात काणशीने कुलपं कापून मुकुट काढला, लाल मखमली उशीत शिवला आणि घसरगाडीने गोठलेल्या डॅन्यूबवरून कोमारोमला आणला. २२ तारखेला मुलगा झाला. १५ मेला बारा आठवड्यांच्या त्या बाळाचा सेकेशफेहेरवारला राज्याभिषेक. जागा बरोबर, आर्चबिशप बरोबर, मुकुट बरोबर.

सरदारांची पंचाईत झाली. १७ जुलैला त्यांनी व्लादिस्लावचा अभिषेक इश्तवानच्या अवशेषपेटीवरचा मुकुट काढून केला आणि जाहीर केलं की राज्याभिषेक नेहमी राज्यातल्या लोकांच्या इच्छेवर अवलंबून असतो, मुकुटाची ताकद त्यांच्या संमतीत आहे. (इथे 'लोक' म्हणजे सरदार आणि उमराव, कुणबी नव्हेत.)

तिसरा टप्पा १५१४. वेरबॉत्सी इश्तवान या कायदेपंडिताने देशाच्या रूढ कायद्याचं तीन भागांतलं संकलन केलं. त्यात उमराव हे 'पवित्र मुकुटाचे अवयव' म्हटलेत. राजाला निवडून मुकुट देतात उमराव; उमरावांना उमरावपण आणि जमीन देतो राजा. दोघं एकमेकांना घडवतात आणि दोघांच्या वर मुकुट.

खट्याळ_बगळा

म्हणजे उशीत भरलेला मुकुट खरा आणि अवशेषपेटीवरून काढलेला खोटा, हे मान्य करायचं नव्हतं म्हणून घटनाशास्त्र जन्माला आलं. वा!

अर्धावकील

हसण्यावारी नेलंत तरी तसंच आहे. फक्त एक लक्षात घ्या, १४४० चा तो सिद्धान्त टिकला नाही. मुकुट सम्राट फ्रेडरिक तिसऱ्याकडे गहाण पडला होता. पुढचा राजा मात्याश कोर्विनस याने १४६३ च्या करारात ८०,००० सोन्याची नाणी मोजून तो सोडवला आणि मगच २९ मार्च १४६४ ला स्वतःला अभिषेक करवून घेतला. तोवर तो सहा वर्षं राज्य करत होता, निवडून आलेला, लोकप्रिय. संमती पुरेशी असती तर एवढे पैसे कशाला मोजले असते?

शंकेखोर

पण मग 'अवयव' ही कल्पना जुनीच आहे की. तेराव्या शतकातही 'पवित्र मुकुट' हा शब्द कागदात येतो.

दप्तरखाना

शब्द येतो, १२५६ पासून. सिद्धान्त नाही. राजा आणि राष्ट्र मिळून मुकुटाचं एकच शरीर, असा बांधीव 'मुकुट सिद्धान्त' मांडला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत, हायनिक इम्रे आणि तिमोन आकोश या विधी-इतिहासकारांनी. तिमोनचं म्हणणं होतं की पश्चिमेत सरंजामशाही होती तेव्हा हंगेरीत सार्वजनिक सत्तेची कल्पना आधीपासून होती. १९३१ मध्ये एकहार्ट फेरेन्सने एका निबंधात याला धक्का दिला. अशा कल्पना बोहेमिया-पोलंडमध्येही होत्या, हंगेरी काही निराळी नाही, असं त्याचं म्हणणं. त्यावर एवढा गदारोळ झाला की विषय संसदेपर्यंत गेला. १९४१ मध्ये त्याने याच विषयावर मोठा ग्रंथ लिहून जागा पक्की केली. आज इतिहासकार बहुतेक त्याच्या बाजूचे.

पाटीपेन्सिल

राज्याभिषेक नसेल तर प्रत्यक्षात काय अडायचं? म्हणजे नुसता मान की आणखी काही?

अर्धावकील

बरंच अडायचं. १७९०-९१ च्या तिसऱ्या कायद्याने राजाला गादीवर आल्यापासून सहा महिन्यांत अभिषेक करून घेणं बंधनकारक केलं. कारण अभिषेकाआधी त्याला हमीपत्र द्यावं लागे आणि शपथ घ्यावी लागे: देशाचे हक्क, कायदे, हद्द राखीन. ते हमीपत्र आणि शपथ दोन्ही कायद्यांच्या पुस्तकात छापली जात. सौदा असा होता, मुकुट हवा तर आधी सही.

त्यामागे ताजी जखम होती. हंगेरीची गादीही ज्याच्याकडे होती त्या हाब्सबुर्ग घराण्यातल्या सम्राट जोसेफ दुसरा याने शपथ टाळण्यासाठी अभिषेकच करून घेतला नाही आणि १७८४ मध्ये मुकुट व्हिएन्नाला नेऊन खजिन्यात ठेवला. हंगेरीत त्याचं नाव पडलं 'टोपीवाला राजा'. १७९० मध्ये मरणाच्या दारात असताना त्याला मुकुट परत पाठवावा लागला.

आणि १८४८. डिसेंबरात पाचव्या फर्डिनांडने गादी सोडली, अठरा वर्षांचा फ्रान्झ जोसेफ आला. हंगेरीच्या संसदेने ते मानलं नाही: अभिषेक झालेला राजा संसदेला न विचारता पायउतार होऊ शकत नाही आणि हा नवा तर अभिषेकच नसलेला. हाब्सबुर्गांविरुद्धची क्रांती फसल्यावर १८४९ मध्ये क्रांती सरकारचा पंतप्रधान सेमेरे बेरतालान याने मुकुट लोखंडी पेटीत घालून ओर्शोवाजवळ पुरला. १८५३ मध्ये तो सापडला. ८ जून १८६७ ला, हाब्सबुर्ग आणि हंगेरी यांच्यात तडजोड झाल्यावर, बुडाच्या मात्याश चर्चमध्ये फ्रान्झ जोसेफच्या डोक्यावर तो चढला. साडेअठरा वर्षं उशिरा.

माजघर

अभिषेकाचा क्रम थोडक्यात, कारण त्यातच अर्थ आहे. आधी चर्चमधली शपथ, मग उजव्या हाताला आणि पाठीवर खांद्यांच्या मध्ये तेल, मग तलवार, मग मुकुट, राजदंड, हातात धरायचा गोल, आणि सिंहासनावर बसवणं. मुकुट एकटा आर्चबिशप ठेवत नाही. देशाचा प्रतिनिधीही त्याला हात लावतो. १९१६ च्या शेवटच्या राज्याभिषेकात हे काम पंतप्रधान तिसा इश्तवानकडे होतं. तो कॅल्विनपंथी, त्यामुळे कुजबूज झाली होती. राणीच्या डोक्यावर हा मुकुट ठेवत नाहीत, उजव्या खांद्याला फक्त टेकवतात. मारिया थेरेसाच्या डोक्यावर मात्र १७४१ मध्ये पोझोन्यला (आजचं ब्रातिस्लाव्हा) ठेवला, कारण तिला कायद्याने 'राजा' म्हणूनच अभिषेक केला.

नंतर उघड्यावर दुसरी शपथ, आणि राज्यातल्या सगळ्या परगण्यांची माती आणून रचलेल्या टेकाडावर घोडा चढवून चारी दिशांना तलवारीचे वार.

बाकीची चिन्हंही वेगवेगळ्या काळातली. राजदंडाच्या टोकाला स्फटिकाचा गोळा आहे, सिंह कोरलेला, इजिप्तच्या फातिमी राजवटीतल्या कारागिरीचा. गोलावर आंजू घराण्याची चिन्हं. झगा १०३१ चा, इश्तवान आणि राणी गिझेला यांनी सेकेशफेहेरवारच्या चर्चला दिलेला. इश्तवानची म्हणून हाताला लागणारी वस्तू हवी असेल तर ती मुकुट नव्हे, झगा.

चिंचगूळ

+१. आणि बहुतेक लोक मुकुट बघून परततात.

वाडेश्वर

आपल्याकडे पेशव्यांच्या शिक्क्यावर 'राजा शाहू नरपति हर्षनिधान' आधी आणि 'मुख्य प्रधान' नंतर. सत्ता पुण्यात, नाव साताऱ्याचं. हे तसंच नाही का?

अर्धावकील

@वाडेश्वर, अर्धं तसं. साताऱ्याला छत्रपती होते, हात बांधलेले असले तरी. हंगेरीत १९२० नंतर गादीच रिकामी. १९२० च्या पहिल्या कायद्याने होर्ती कारभारी झाला, राज्य 'राजेशाही' राहिलं. शेवटचा राजा चौथा कारोय याने १९२१ मध्ये दोनदा परतायचा प्रयत्न केला, 'माझा अभिषेक झालाय' हाच त्याचा दावा. त्याच वर्षी कायदा करून हाब्सबुर्गांचा हक्क काढून टाकला. मग न्यायनिवाडे कुणाच्या नावाने द्यायचे? 'हंगेरीच्या पवित्र मुकुटाच्या नावाने'. तिथे माणूस काढून टाकून वस्तूलाच धनी केलं.

त्याची दुसरी बाजू विसरू नका. 'पवित्र मुकुटाचे प्रदेश' म्हणजे क्रोएशिया, ट्रान्सिल्व्हेनिया, आजचा स्लोव्हाकिया, फियुमे बंदरसुद्धा. पहिल्या महायुद्धानंतर ४ जून १९२० च्या ट्रियानोन तहाने ते गेले. त्यामुळे मुकुटाचं नाव घेतलं की शेजाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, आजही.

पाटीपेन्सिल

युद्धानंतर अमेरिकेत कसा पोचला?

दप्तरखाना

मुकुटरक्षकांनी १९४५ मध्ये पश्चिमेला नेला आणि ऑस्ट्रियात माट्झे इथे तेलाच्या पिंपात घालून पुरला. अमेरिकी सैन्याच्या हाती लागला, पुढे फोर्ट नॉक्समध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सोन्याच्या कोठारात. ६ जानेवारी १९७८ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांच्या शिष्टमंडळाने बुडापेस्टच्या संसदेत परत दिला. हंगेरीच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख कादार समारंभाला हजर नव्हते; मुकुट पक्षाला नव्हे तर हंगेरियन जनतेला परत दिला, असं दिसायला हवं होतं. आधी राष्ट्रीय संग्रहालयात, १ जानेवारी २००० पासून संसद भवनात. झगा संग्रहालयातच राहिला, कापड जुनं.

आता माझ्या मूळ प्रश्नावर कुणी बोलेल का? आजचा कायदा.

अर्धावकील

बोलतो. २००० च्या पहिल्या कायद्याने मुकुटासाठी एक मंडळ नेमलं: राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, संसदेचे सभापती, घटना न्यायालयाचे अध्यक्ष आणि विज्ञान अकादमीचे अध्यक्ष. काम जतन आणि देखरेखीचं. मुकुट मालक नाही, कायदेशीर व्यक्ती नाही, त्याच्या नावावर सातबारा नाही.

पेच आहे तो कलम 'आर', उपकलम ३ मध्ये. मूलभूत कायद्याचा अर्थ लावताना प्रास्ताविक आणि 'ऐतिहासिक घटनेची फलितं' लक्षात घ्या, असं तिथे लिहिलंय. म्हणजे मुकुटाचं वाक्य नुसतं नक्षीकाम नाही, अर्थ लावायचं साधन आहे. घटना न्यायालयाने २२/२०१६ या निर्णयात हा धागा पकडला. घटनात्मक ओळख मूलभूत कायद्याने निर्माण केलेली नाही, फक्त मान्य केली आहे, आणि युरोपीय संघाच्या सत्तेपुढे ती राखणं न्यायालयाचं काम आहे, असं ते म्हणालं.

शंकेखोर

मग 'फलितं' कोणती हे ठरवणार कोण? वेरबॉत्सीचे 'अवयव' फक्त उमराव होते, शेतकरी नाही. तेही फलित?

अर्धावकील

यादी कुठेच नाही, हीच तर तक्रार. न्यायालय जे निवडेल ते फलित.

तुळशीवृंदावन

माझ्या मते ते वाक्य उलट्या दिशेने वाचावं. त्याच प्रास्ताविकात म्हटलंय की १९ मार्च १९४४ ला (जर्मन सैन्य आलं तेव्हा) देशाचं स्वयंनिर्णयाचं बळ गेलं आणि २ मे १९९० ला (निवडून आलेली संसद बसली तेव्हा) परत आलं. मधली ४६ वर्षं, १९४९ च्या कम्युनिस्ट घटनेसकट, वगळायची तर दोन टोकं कशाने तरी बांधायला हवीत. राजा चालत नाही, होर्ती चालत नाही. उरतो मुकुट. परक्याच्या ताब्यात असला तरी तो होता.

दप्तरखाना

हे पटलं. १४४० मध्ये मुकुट हाती नव्हता तेव्हा सरदारांनी लोकांची संमती पुढे केली, २०११ मध्ये सलग राज्य हाती नव्हतं तेव्हा मुकुट पुढे केला.

खट्याळ_बगळा

ते सगळं ठीक, पण राजचिन्हात क्रॉस तिरका काढायचा हे घटनेत लिहिलंय का?

सोनारआळी

नाही. मजकुरात ढालीवर हंगेरीचा पवित्र मुकुट विसावला आहे, एवढंच. तिरका क्रॉस चित्रात आहे. १९९० मध्ये १८४८ च्या क्रांतीचा नेता कोशुत याची बिनमुकुटाची ढाल घ्यायची की मुकुटाची यावर संसदेत वाद झाला, मुकुटाची जिंकली, आणि वाकलेल्या दांड्यासकट आली. आता तो सरळ करायला कुणी धजणार नाही. भोकाभोवतीचा मिना तडकला तर चेहराच जायचा.